एकेकानं यावं

गुरुजींविरुद्ध गावाची पहिली तक्रार अशी होती, की शाळा ऐकू येत नाही.

आमच्या भागात तेव्हा शाळा ऐकू यायची. राजूरच्या रस्त्यानं बैलगाडीतून जाणाऱ्या माणसालाही कळायचं, की या गावात शाळा भरली आहे आणि पोरं कितव्या पाढ्यापर्यंत आली आहेत. रानात खुरपणाऱ्या बाया पाढ्यांच्या आवाजावरून भाकरीची वेळ ओळखायच्या. आमच्या शाळेतून मात्र एकाच पोराचा आवाज यायचा, बारीक, अडखळणारा. मग शांतता. मग दुसऱ्याचा. गुरुजी आमच्या गावी बदलून आले आणि थोड्याच दिवसांत काही पालक मिळून शाळेत गेले. त्यांत माझे वडीलही होते. ते दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचे, त्यामुळे बोलायला पुढे नव्हते, दाराशी मागे उभे होते. हा प्रसंग मी त्यांच्याच तोंडून पुष्कळदा ऐकला.

पुढच्या माणसानं विचारलं, "गुरुजी, तुम्ही शिकवून राह्यले का न्हाई? आवाजच येत न्हाई."

"पहिल्या गुरुजीच्या टायमाला तुमच्या पोराचा आवाज वळखू येत होता का तुम्हाला?"

"सगळे संगंच म्हणायचे. कसा वळखू येईन?"

"मंग ते म्हणत होतं का नुसतं तोंड हलवत होतं, ते तुम्हाला ठाऊक न्हाई. मलाबी ठाऊक न्हाई. म्हणून एकेकाचं ऐकून राह्यलो."

मी तोंड हलवणाऱ्यांतलाच होतो. सतराचा पाढा मला येत नव्हता आणि ही गोष्ट जगात कुणालाच माहीत नव्हती. वर्गाच्या आवाजात मी इतका आरामात लपलेलो होतो, की मला स्वतःलाही तो पाढा येतो असं वाटायला लागलं होतं. गुरुजी एक दिवस माझ्या बाकाशी वाकले, तळहात कानामागे धरला आणि म्हणाले, "आता तू." मी उघडा पडलो. त्यांनी मारलं नाही, हसलेही नाहीत. "बरं झालं सापडलास," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मला आपल्या शेजारी बसवून घेऊ लागले. आज मी जालन्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वर्गात मुलं एका सुरात 'हो सर' म्हणाली, की माझा हात अजूनही नकळत कानामागे जातो.

गुरुजी अंबडकडचे. अंगानं काटकुळे, पायजमा कायम घोट्याच्या वर, आणि उन्हाळ्यातसुद्धा काखेत छत्री. रस्त्यानं चालायचे तर अगदी कडेनं, बाभळींना अंग घासत. चारचौघांत मिसळायचे नाहीत, पण एकटा माणूस भेटला की त्याला सोडायचे नाहीत. बांधावर उभं राहून त्याची विचारपूस इतका वेळ चालायची, की त्याचे बैल कंटाळून आपापले घरी जायचे.

'गाव म्हणतंय' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "गुरुजी, गाव म्हणतंय यंदा सप्ता मोठा करायचा," की ते छत्री टेकवून गंभीरपणे विचारायचे, "कुठं बसलंय गाव? मला भेटायचंय त्याला. जेवलं का ते?" विचारणारा चिडायचा. त्यांना खरंच थट्टा करायची नसायची. त्यांना नाव हवं असायचं. कोण म्हणतंय, त्याचं नाव.

अंगारकीला आमचं अख्खं गाव राजूरच्या गणपतीला जायचं. गुरुजी दुसऱ्या दिवशी जायचे. कालच्या हारांचा ढीग पडलेला, दुकानदार पेंगत असलेले, अशा वेळी एकटेच. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, काल एवढ्या लोकांनी मागितल्यावर देवाला कुणाचं काय ते ध्यानात राहत नसेल, आज तो जरा मोकळा असतो. लग्नातही तसंच. मंगलाष्टकं चालू असताना सगळा मांडव अक्षता उधळायचा आणि निम्म्याअधिक अक्षता पुढे बसलेल्यांच्या पागोट्यांवर पडायच्या. गुरुजी आपल्या अक्षता मुठीत धरून ठेवायचे. पंगती उठल्या, की नवरानवरीपुढे जाऊन एकेकाच्या डोक्यावर त्या हळूच ठेवायचे आणि प्रत्येकाला निराळं काहीतरी सांगायचे. माझ्या थोरल्या बहिणीला त्यांनी काय सांगितलं ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या लग्नातलं बाकी काही तिला आठवत नाही, एवढं आठवतं.

एकदा तपासणीला साहेब आले तेव्हा प्रतिज्ञा चालू होती. इतर शाळांत ती दोन मिनिटांत संपते. आमच्याकडे रोज दोघांची पाळी असायची. एकानं दुसऱ्यासमोर उभं राहायचं आणि त्याच्याकडे बघत एकेक ओळ म्हणायची. सगळे आपले बांधव आहेत ही ओळ आली, की समोरच्याचं नाव घ्यायचं. त्या दिवशी पाटलांचा मुलगा आणि खालच्या वस्तीतला एक मुलगा समोरासमोर होते. पाटलांचा मुलगा त्या ओळीशी आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. साहेबांनी घड्याळ बघितलं. शेवटी त्या मुलानं खाली बघत नाव घेतलं. गुरुजी म्हणाले, "त्याच्याकडं बघून." त्यानं पुन्हा घेतलं. साहेब शेरेबुकात वेळेच्या अपव्ययाबद्दल काहीतरी लिहून गेले. ते दोघे मुलगे पुढे मोठेपणी भागीदारीत मोटारपंप दुरुस्तीचं दुकान चालवत होते. हे त्या प्रतिज्ञेमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण मी तिथं होतो.

आता, हे वाचून कुणाला वाटेल की गुरुजी फार थोर होते आणि गाव आडमुठं. तसं नव्हतं. गुरुजींचा त्रासही व्हायचा. ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दरसाल गाव मिळून मुरूम टाकायचं. डफडं वाजलं की घरटी एक माणूस घमेलं घेऊन निघायचा. गुरुजींना डफड्यावर निघणं मान्य नव्हतं. ते आदल्या दिवशी एकटेच जाऊन आपल्या वाट्याचा तुकडा आपल्या बुद्धीनं भरून आले. दोन्ही बाजूंचा रस्ता एका उताराचा, मधला गुरुजींचा दुसऱ्या. पाऊस लागल्यावर सगळं पाणी त्या तुकड्यात येऊन साचलं आणि शेजारच्या एका बाईच्या अंगणात शिरलं. गावानं त्या जागेला 'गुरुजीचं डबकं' असं नाव दिलं. तिथं म्हशी बसू लागल्या. गुरुजी त्या बाईच्या घरी जाऊन स्वतः पाणी उपसून आले, पण पुढच्या वर्षीही डफड्यावर निघाले नाहीत. काकू, म्हणजे त्यांची बायको, हताशपणे सांगायच्या, "घरात आम्ही दोन माणसं. त्यातबी यांचं मत येगळं."

निवृत्तीनंतर ते अंबडला परत गेले नाहीत. मुलगी लग्न होऊन परभणीला गेली होती. गावाच्या कडेला दोन खोल्या आणि ओसरी बांधून ते इथंच राहिले. आणि नोकरीचं बंधन सुटल्यावर त्यांनी गावाला पहिला धक्का दिला. त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज भरला.

आमच्या गावात निवडणूक होत नसे, ठरत असे. मारुतीच्या पारावर एका संध्याकाळी अण्णा आणि चार वडीलधारी बसायचे, प्रत्येक वॉर्डात एकेक नाव निघायचं, बाकीचे माना हलवायचे. बिनविरोध. याबद्दल अण्णांना वाईट म्हणण्याची घाई कुणी करू नये. अण्णा म्हणजे गावातले जाणते शेतकरी, पद कधी घेतलं नाही, पण गाव त्यांच्या शब्दावर चालायचं. तरुणपणी एका निवडणुकीत त्यांचा सख्खा भाऊ विरोधात उभा राहिला होता. त्या दोन घरांत नंतर ना बोलणं राहिलं, ना जाणं-येणं. भाऊ वारला तेव्हा अण्णांना लांबून बघावं लागलं. तेव्हापासून त्यांनी मनाशी घेतलं होतं, की या गावात पुन्हा मतपेटी येऊ द्यायची नाही.

गुरुजींच्या अर्जामुळे ती आली. पिंपळगाव रेणुकाईकडून मतदानाची माणसं आली, त्यांच्या जेवणाची धावपळ झाली, आणि गुरुजी दणकून पडले. प्रचार त्यांनी केलाच नव्हता. निकालानंतर पारावर कुणीतरी टोमणा मारला, "गुरुजी, घरातलं एक मत तर पडलं असंन? स्वतःचं?"

"न्हाई. मी माधवरावाला दिलं."

माधवराव म्हणजे त्यांच्याविरुद्ध निवडून आलेला उमेदवार. मग अण्णांनीच विचारलं, "मंग उभे काऊन राह्यले तुम्ही? खर्चा तेवढा गावाला."

"माधवराव बरा माणूस हाय. पण तो बरा हाय का न्हाई, हे तुम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. मी उभा राह्यलो म्हणून विचारावं लागलं. त्यालाबी आता ठाऊक हाय, आपल्याला एकेकानं येऊन मत दिलं." असं म्हणून गुरुजी छत्री उचलून कडेकडेनं घरी गेले. माधवरावानं पुढची पाच वर्षं चांगलं काम केलं. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, आधी मी अण्णांचा माणूस होतो, निवडून आल्यावर माझा झालो.

पण खरी गोष्ट पुढच्या निवडणुकीची.

तोवर मी जालन्याला नोकरीला लागलो होतो. आमच्या गावातून राजूरच्या रस्त्याला लागायचं तर मध्ये ओढा आहे. पावसाळ्यात तो भरून चालतो. मी हायस्कूलला राजूरला जायचो तेव्हा कपडे डोक्यावर बांधून पलीकडे जायचो आणि तिकडे बाभळीमागे घालायचो. मुलग्यांना हे जमतं. मुलींना कसं जमणार? आमच्या गावातल्या मुली सातवीला थांबायच्या. त्यासाठी कुणी त्यांना 'थांबा' म्हणत नसे. ओढाच थांबवायचा.

त्या साली आमदारांनी अण्णांना शब्द दिला, की निवडणूक बिनविरोध करून दाखवा, गावाला पुलासाठी पैसे देतो. नाही तर रांगेत अनेक गावं होती. सगळ्या वॉर्डांत एकेक नाव ठरलं. फक्त एका वॉर्डात दोन अर्ज होते. दुसरा गुरुजींचा.

अण्णांनी मला निरोप धाडून बोलावून घेतलं. पारावर बसवलं, चहा पाजला. म्हणाले, "तू त्यांचा लाडका. आमचं कुणाचं ऐकत न्हाईत, तुझं ऐकतीन. अर्ज मागं घ्यायला चारच दिवस राह्यलेत."

मला पूल हवा होता. मनापासून हवा होता. त्या ओढ्याचं पाणी मी छातीवर घेतलेलं होतं. मी गुरुजींकडे गेलो, पाया पडलो आणि सुरुवात केली, की गावाचा विचार करता...

"तू गावाकडून आलास का तुझ्याकडून?"

मी म्हणालो, "दोन्हीकडून."

"मंग एकाच्या वाट्याचा चहा घे," ते म्हणाले आणि काकूंनी कप अर्धाच भरून दिला. दोघांनी हे आधी ठरवून ठेवलं होतं की काय कोण जाणे.

चहा झाल्यावर त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं. त्यांना पूल नको होता असं नाही. पण पारावरच्या चार माणसांनी सगळ्यांचं मत आपल्या खिशात घालून ठेवायचं आणि त्याला गाव म्हणायचं, हे त्यांना पटत नव्हतं. आज पुलासाठी गप्प बसवतील, उद्या कशासाठी बसवतील? मग म्हणाले, "तरी मी अडून बसलो असं नको. अण्णाला सांग. ज्याला वाटतं मी अर्ज मागं घ्यावा, त्यानं यावं. पण एकेकानं यावं. एकट्यानं. इथं ओसरीवर बसावं आणि स्वतःचं सांगावं. गावाचं न्हाई."

अण्णांनी हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "हा काय दवाखाना हाय का, नंबर लावून बसायला?" पण दिवस निघून चालले होते. त्यांनी माणसं पाठवायला सुरुवात केली.

मी शाळेत रजा टाकून गुरुजींकडेच राहिलो. आत चुलीजवळ काकूंना हाताखाली. चहाचं आधण उतरायचं नाव घेत नव्हतं. ओसरी आणि चूल यांच्यात एक कुडाची भिंत, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. गुरुजींना हे माहीत होतं.

पहिल्या दिवशी आलेले लोक अण्णांचं वाक्य पाठ करून आले होते. "गुरुजी, गावाच्या हिताचं बघा." गुरुजी म्हणायचे, ते अण्णांनी सांगितलं, तुझं सांग. एकानं कबूल केलं, की त्याला काहीच म्हणायचं नाही, अण्णांनी पाठवलं म्हणून आला. गुरुजी म्हणाले, बरं, मग चहा पी. एकाला कापसाची गाडी ओढ्यात रुततेय म्हणून पूल हवा होता. एकाला सासुरवाडीची माणसं हसतात म्हणून. एक म्हातारा आला आणि नुसता आपल्या गुडघ्याबद्दलच बोलला. निवडणुकीचं अक्षरसुद्धा काढलं नाही. जाताना म्हणाला, "बरं वाटलं. घरी कुणी ऐकत न्हाई."

आणि मग दुसऱ्या दिवसापासून वेगळंच व्हायला लागलं. एक जण आवाज खाली करून म्हणाला, "गुरुजी, मागं घेऊ नका. आपल्या वॉर्डात ज्याचं नाव ठरवलं, तो मला बिलकुल पसंत न्हाई. पण पारावर कसं बोलू?" त्याच्यामागून आणखी एक, तसंच बोलला. मान हलवणाऱ्यांतले कितीतरी जण मनातून हललेलेच नव्हते. लिंबाखाली लांब अंतरावर माणसं पाळीची वाट बघत बसू लागली. तिथं त्यांच्या आपसात गप्पा चालायच्या, कुणी विडी ओढायचं, कुणी शेंगा फोडायचं. बायाही येऊ लागल्या. त्यांना तर अण्णांनी पाठवलंही नव्हतं.

गुरुजी लहान पोरासारखे खूश होते. संध्याकाळी भिंतीला टेकून मला म्हणाले, "बघितलंस? काढ पाहू यातून बिनविरोध. आता तर मी बिलकुल मागं घेत न्हाई. हे लोक माझ्यावर भरवसा ठेवून बोलले." मी ओढ्याचं काय असं विचारलं. ते म्हणाले, पूल आज ना उद्या होईल, माणसाच्या तोंडाला बसलेलं हे कुलूप मात्र आपोआप निघत नसतं. मला त्यांचं खरं वाटलं. आणि ओढाही दिसत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर कडूबाई आली.

कडूबाई खालच्या वस्तीतली, रोजानं कामाला जाणारी. तिची मुलगी वैशाली आठवीत राजूरला जात होती. आमच्या गावातून सातवीच्या पुढे गेलेली ती पहिलीच मुलगी. कडूबाई पायरीशीच उभी राहिली. गुरुजींनी बाजेवर बस म्हटलं. ती टेकली, पदर सावरला आणि विचारलं, "खरं बोललं तर चालंन ना, गुरुजी?"

"त्याच्यासाठीच बसलोय, बाई."

ती म्हणाली, वस्तीतल्या जागेसाठी अण्णांनी एक नाव काढलं, ते वस्तीला कुणी विचारलं नाही. आता विचारत नाहीत ते नेहमीचंच. पण या खेपेला गुरुजी उभे राहिले म्हणून पारावर निदान भांडण तरी झालं, आणि ते ऐकून तिला बरं वाटलं. "तुमचं म्हणणं बराबर हाय. मी घरीबी तेच म्हन्ले."

भिंतीपलीकडे मला गुरुजींचा समाधानाचा हुंकार ऐकू आला.

"पण मी तुम्हाला अर्ज मागं घ्या म्हणायला आल्ते."

मग तिनं सांगितलं. मागच्या पावसाळ्यात वैशाली ओढ्यात घसरली होती. दप्तर गेलं, ती एका बाभळीच्या मुळीला धरून राहिली. तेव्हापासून नवरा म्हणत होता, बस झाली शाळा. भोकरदनकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. कडूबाईनं रडून-भांडून त्याच्याकडून एवढं कबूल करून घेतलं होतं, की पूल होणार असेल तर पोरगी दहावी करील, नाही तर दिवाळीनंतर लग्न. नवरा वाईट नव्हता. त्याला पोरगी वाहून जायची भीती वाटत होती.

"मी गावासाठी न्हाई मागत, गुरुजी. गावानं मला काय दिलं? मी माझ्यासाठी मागते. तुम्ही इचारलं म्हणून."

बाहेर छत्रीचं टोक जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"तुमची चूक न्हाई," कडूबाई म्हणाली. "तुमचं बराबरच हाय. पण तुमच्या त्या बराबर असण्यात माझी पोरगी जाईन."

काकूंच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. थोड्या वेळानं बाज करकरली, कडूबाई उठली होती. गुरुजी तिला चहा घेऊन जा म्हणालेच नाहीत. त्या तीन दिवसांत चहा न पिता गेलेली ती एकटीच.

लिंबाखाली अजून माणसं होती. गुरुजींनी त्यांना आज पुरे म्हणून सांगितलं. मी बाहेर आलो तर ते बाजेच्या कडेला बसले होते, छत्री मांडीवर आडवी घेऊन. दिवे लागायची वेळ होती. मी शेजारी बसलो. तेव्हा ते म्हणाले,

"गावाला न्हाई म्हणता येतं रे. कितीबी मोठं असू दे. हिला कसं म्हणू?"

मला एक व्यवहारी कल्पना सुचली. म्हटलं, गुरुजी, अट घाला. अण्णांना म्हणा, पुढच्या वेळी वस्तीत जाऊन विचारीन असा शब्द द्या, तरच मागे घेतो. आता ते काहीही कबूल करतील.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "अण्णा अडून बसला, मी अडून बसलो, तर मधी कोण अडकंन? तिची पोरगी. तिनं साधं मागितलं. साधं देतो."

"पण जे लोक म्हणाले, मागे घेऊ नका?"

"त्यांच्याकडं जाऊन सांगावं लागंन." आणि ते खरंच गेले. त्याच संध्याकाळी कंदील घेऊन, ज्यांनी ज्यांनी उभे राहा म्हटलं होतं त्यांच्या दारी एकेकाकडे जाऊन सांगून आले, की मी मागे घेतो आहे, तुमचं ऐकलं नाही, माफी असू द्या. एक जण चिडला. म्हणाला, मग आम्हाला बोलायला कशाला लावलं? गुरुजींनी त्याचं ऐकून घेतलं. परत आले तेव्हा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं भोकरदनला गेलो. अण्णा आधीच येऊन तहसीलच्या आवारात उभे होते, पिशवीत हार आणि पेढे. गुरुजींनी सही केली. कारकून म्हणाला, चला, गाव एकमताचं निघालं. गुरुजींनी त्याला दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

बाहेर अण्णांनी हार पुढे केला. "गुरुजी, तुम्ही गावावर लई मोठे उपकार केले."

"गावाचं मला म्हाईत न्हाई, अण्णा. कडूबाईला तेवढं सांगा, झालं म्हणून. ती वाट बघत असंन."

"कोणती कडूबाई?" गावात कडूबाई पुष्कळ होत्या.

"खालच्या वस्तीतली. वैशालीची आई. तुम्हाला ठाऊक न्हाई, ती कितव्या वर्गात हाय ते. विचारा तिलाच."

अण्णांनी हार पिशवीत ठेवला. मला वाटलं, रागावले. पण त्या दिवशी परतल्यावर अण्णा ओढ्याच्या कडेनं खाली वस्तीकडे जाताना दिसले, एकटेच, पेढ्यांचा पुडा हातात. त्यांना तिकडे जाताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. ते बराच वेळ परतले नाहीत.

पूल झाला. पण लगेच नाही. मंजुरी, मोजणी, खडी, पुन्हा मंजुरी, असं करत तो पुढच्या उन्हाळ्याच्याही पुढे गेला. वैशाली दहावी झाली, मग नर्सिंग शिकली. आता अंबडला एका दवाखान्यात आहे. मागे माझ्या आईला मोतीबिंदूसाठी नेलं होतं, तेव्हा तिनंच आमची सगळी व्यवस्था बघितली. गुरुजींना जाऊन बरीच वर्षं झाली. पुलाच्या दगडावर आमदारांचं नाव आहे, अण्णांचं आहे. गुरुजींचं नसावं हे बरोबरच. त्यांना ते आवडलं नसतं.

मला मात्र पुलापेक्षा त्याच्या आधीचा पावसाळा आठवतो. ओढ्याला पाणी आलं, पूल कागदावरच होता, आणि कडूबाईचा नवरा पुन्हा म्हणू लागला, पूल कुठं आहे? तेव्हा गुरुजींनी राजूरला बाजारामागे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि काकूंसह तिकडे राहायला गेले. वैशालीला सोबत नेलं. ते बघून आणखी तीन घरांनी आपल्या मुली पाठवल्या. गावात आयुष्यभर कडेकडेनं चाललेला माणूस म्हातारपणी चार पोरींच्या गजबजाटात येऊन पडला.

एका रविवारी मी जालन्याहून भेटायला गेलो. दोरीवर ओल्या ओढण्या, दारात चपलांचा ढीग, आतून भांडणाचा आवाज. गुरुजी बाहेर पायरीवर टॉवेल खांद्यावर घेऊन बसले होते. न्हाणीघर एकच होतं आणि पाळी वैशालीनं लावून दिली होती. गुरुजी शेवटी.

"तुम्ही त्यांना काही बोलत नाही?" मी विचारलं.

"मला विचारतंय कोण? कालवण काय करायचं तेबी त्या चौघी ठरवतात. मला दोडका आवडत न्हाई. आठवडाभर दोडका खाऊन राह्यलो." पण तक्रार करताना त्यांच्या तोंडावर हसू होतं. आतून काकू ओरडल्या, की चौघींना आवडतो तर एकट्यासाठी दुसरं कोण करणार?

मी धीर करून विचारलं, त्या अर्जाचं वाईट वाटतं का. त्यांनी टॉवेलाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"वाटतं. ते लोक बोलले होते रे माझ्याशी. त्यांना मी काही देऊ शकलो न्हाई." मग म्हणाले, "पुढच्या टायमाला पुन्हा भरणार हाय."

"आणि पुन्हा अशीच एखादी कडूबाई येऊन बसली तर?"

"येऊ दे की," गुरुजी म्हणाले. "त्याच्यासाठीच तर भरायचा."